रविवारची मुंबई



ठाणेकराला मुंबई पाहायला जाणे म्हणजे काही काशीयात्रा नव्हे. खोपटच्या एस. टी. आगारावरून चालत स्टेशन गाठावे, धीम्या गाडीत बसावे, की तासाभरात राजधानी. मात्र ज्या मुंबईला आपण पोटासाठी रोज जातो, तिच्यात आपण फक्त घड्याळ पाहतो. रविवारी डबा बांधून, मुलाबाळांना घेऊन जातो तेव्हाच ते शहर डोळ्यांनी दिसते. ह्या रविवारच्या मुंबईविषयी आज बोलायचे आहे. युनियनच्या कामात केस पिकलेल्या माणसाने सहलीचा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. सहलीला दोन गोष्टी लागतात, गाडी आणि सुट्टी. गाडीचा इतिहास आपल्याला पाठ आहे. सुट्टीचा आपण विसरलो आहोत.

तो पाठ असलेला इतिहास आधी उजळून घेऊ. १६ एप्रिल १८५३ रोजी, शनिवारी, दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून पहिली आगगाडी निघाली. १४ डबे, सुमारे ४०० निमंत्रित, ओढायला तीन इंजिने, आणि पल्ला ठाण्यापर्यंतचा, ३४ किलोमीटरचा. ठाण्यास तंबू ठोकून पाहुण्यांच्या उपाहाराची सोय केली होती. म्हणजे गंमत अशी की, ह्या लोहमार्गावरचे पहिले प्रवासी हे मुंबईहून ठाण्याला सहलीला आलेले लोक होते! त्या दिवशी सरकारने सार्वजनिक सुट्टी दिली होती. पण ती सरकारच्या मर्जीची सुट्टी, एका दिवसाची. रूळ ज्यांनी अंथरले, खाडीवर पूल ज्यांनी उभे केले, त्यांची नावे त्या दिवशीच्या पाहुण्यांच्या यादीत नव्हती.

त्यानंतरच्या दहा-पाच वर्षांत ताडदेवला कावसजी दावर यांची कापडगिरणी चालू झाली आणि पाहता पाहता भोंग्यांचे गाव उभे राहिले. कोकणातून, घाटावरून माणसे आली. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत काम. १८८१ साली पहिला कारखाना कायदा झाला. त्यात मुलांना महिन्यातून चार सुट्ट्या मिळाल्या. मोठ्या माणसांना आठवड्याची सुट्टी त्या कायद्याने दिली नाही. ज्या मुंबईचे कौतुक ऐकून परदेशी प्रवासी बोटीने येत होते, ती मुंबई पाहायला तिच्याच गिरणीकामगाराजवळ हक्काचा एक दिवस नव्हता.

तो दिवस मिळवून देणारा माणूस आपल्या ठाण्याचा. नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात झाला. रेल्वेत आणि टपालखात्यात नोकरी करून ते मुंबईच्या एका गिरणीत भांडारपाल म्हणून लागले, आणि तिथे त्यांनी कामगारांचे जिणे जवळून पाहिले. ते जोतीराव फुल्यांचे सहकारी. १८८० पासून ‘दीनबंधु’ पत्र त्यांच्या हाती होते. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या काय होत्या? रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार वेळेवर, अपघात झाला तर भरपाई. आजच्या कानांना ह्या मागण्या किती साध्या वाटतात! त्यासाठी सहा वर्षे लागली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री-कामगारही बोलल्या, हे विशेष. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढल्या वर्षी नव्या कारखाना कायद्यात साप्ताहिक सुट्टीचे तत्त्व आले. लोखंडे १८९७ साली प्लेगने गेले.

हे ध्यानात धरून आता गाडीत बसू. भायखळ्याला उतरावे. राणीची बाग १८६२ सालची. शेजारचे वस्तुसंग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी उघडले आणि १९७५ पासून ते डॉ. भाऊ दाजी लाडांच्या नावाने ओळखले जाते. मुले पेंग्विनकडे धावतात. त्यांनी आत जाऊन मातीच्या त्या छोट्या प्रतिमाही पाहाव्यात. जुन्या मुंबईतले निरनिराळे व्यवसाय करणारे लोक तिथे काचेआड बसले आहेत. बाग आणि संग्रहालय बुधवारी बंद असतात. रविवारी आपल्याला पाहता यावे म्हणून तिथल्या सेवकांची सुट्टी बुधवारवर गेली आहे, हेही मुलांना सांगावे.

पुढे बोरीबंदर. फ्रेडरिक स्टीव्हन्स यांच्या आराखड्याने १८७८ मध्ये सुरू झालेली ती इमारत पुरी व्हायला दहा वर्षे लागली. २००४ साली तिला जागतिक वारशाचा मान मिळाला. मान वर करून पाहिल्यास घुमटावर प्रगतीची मूर्ती दिसेल. खांबांवरची पानेफुले, प्राणी-पक्षी यांचे कोरीव काम जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचे. वास्तुविशारदाचे नाव पुस्तकात राहते, हात दगडात राहतात.

तिथून दहा मिनिटांवर हुतात्मा चौक. १८६४ साली बसवलेली रोमन फ्लोरा देवी अजून कारंज्यावर उभी आहे, आणि तिच्या शेजारी मशाल धरलेले शेतकरी व कामगार. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी ह्याच जागी गोळीबार झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभरावर माणसे गेली. त्यानंतर १ मे १९६०ला, म्हणजे कामगारदिनीच, मुंबई ह्या राज्याची राजधानी झाली. गेटवेच्या कमानीपुढे फोटो काढायला सगळेच जातात, जावेही. १९२४ साली पुरी झालेल्या त्या कमानीखालून २८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची इंग्रज पलटण निघून गेली. पण राजधानी पाहिली असे म्हणायचे तर हा चौक चुकवून चालणार नाही.

परतताना परळ लागते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणीकामगार होते. त्यांतले बहुतेक पुन्हा साच्यावर परतले नाहीत. आज तिथे काचेचे मनोरे आणि झगमगते बाजार आहेत, आणि एका बाजाराच्या आवारात जुन्या गिरणीची चिमणी शोभेसाठी ठेवली आहे. तिच्याखाली लोक रविवारीच अधिक गर्दी करतात. लोखंड्यांच्या नावाने परळला राज्य सरकारची श्रमविज्ञान संस्था आहे. सहलीच्या नकाशात ती सापडत नाही.

ह्यावर कोणी म्हणेल, हा झाला जुना इतिहास. तसे नाही. रविवारी मेगाब्लॉक असला की आपण कुरकुरतो. त्या वेळी उन्हात रुळांवर उभा असलेला गँगमन आपल्या सोमवारसाठी राबत असतो. त्याला त्याची सुट्टी दुसऱ्या दिवशी तरी मिळते, कारण त्याच्या पाठीशी कायदा आणि संघटना आहे. पण आपल्याच आळीत जिना चढून घरपोच जेवण देणाऱ्या मुलाचे काय? त्याला खेपेप्रमाणे पैसे, आणि खेप नाही त्या दिवशी काही नाही. सुट्टी घेणारा तो कोण, आणि देणारा कोण? २०१७च्या राज्याच्या कायद्याने दुकाने वर्षभर रोज उघडी ठेवण्याची मुभा दिली. कामगाराला आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्यावी, असेही त्यातच लिहिले आहे. लिहिलेले आणि मिळालेले यांतले अंतर भरण्यासाठीच लोखंडे सहा वर्षे झिजले.

तेव्हा मुंबई जरूर पाहा. मुलांना गेटवे दाखवा, भेळ खाऊ घाला, समुद्राचा वारा घेऊ द्या. परतीच्या गाडीत त्यांना एवढेच विचारा की, आजचा हा दिवस कोणी दिला? उत्तर ठाणेकराच्या मुलाला यायला हवे. आणि सोमवारी आपल्या दुकानात, कारखान्यात, सोसायटीच्या फाटकावर कोणाला हा दिवस मिळाला नाही, तेवढी चौकशी आपण मोठ्यांनी करावी.