ड्व्होरॅक कळफलक
टंकलेखकाच्या बोटांचे श्रम कमी करण्यासाठी योजलेली इंग्रजी टंकलेखन यंत्रावरील कळांची पर्यायी मांडणी. शोल्सच्या यंत्रामुळे रूढ झालेल्या ‘क्वर्टी’ मांडणीत नेहमी लागणारी अक्षरे विखुरलेली असल्याने बोटांना मधली ओळ वारंवार सोडावी लागते. अमेरिकन शिक्षणशास्त्रज्ञ ऑगस्ट ड्व्होरॅक व विल्यम डीली यांनी १९३६ मध्ये एकस्व मिळविलेल्या मांडणीत पाचही स्वर मधल्या ओळीत डाव्या हाताखाली व अधिक लागणारी व्यंजने उजव्या हाताखाली असतात, त्यामुळे सु. ७० टक्के आघात याच ओळीत होतात. अमेरिकन नौदलाच्या १९४४ मधील चाचण्या तिला अनुकूल ठरल्या. १९५६ च्या शासकीय चाचणीत मात्र पुनर्प्रशिक्षणाचा खर्च भरून निघेल इतका लाभ आढळला नाही. १९८२ मध्ये तिला अमेरिकन राष्ट्रीय मानकाची मान्यता मिळाली. तथापि अंगवळणी पडलेली सवय मोडणे कठीण असल्याने क्वर्टीच प्रचलित राहिली.