स्वप्नातले दूध

चमत्काराची गोष्ट निघाली की सज्जनांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, घडले. दुसरा म्हणतो, ही तर कल्पना. कल्पना म्हणजे खोटे, हे मात्र दोघेही धरून चालतात. सूफी आचार्य इब्न अरबी यांना ते मान्य नव्हते.

स्पेनमधील मुर्सिया येथे ११६५ साली त्यांचा जन्म झाला आणि १२४० साली दमास्कसला देह ठेवला. त्यानंतर पन्नास वर्षांनी ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. कल्पनेला ते खयाल म्हणत. आपल्या गवयांचा ख्याल तो हाच शब्द. आरशातले मुख आरशात नाही, पण नाही म्हणावे तर दिसते. तसा खयाल हा निराकार अर्थ आणि जड सृष्टी यांच्यामधला प्रांत. तेथे अर्थाला रूप येते. स्वप्न तिथलेच. स्वप्नाचा अर्थ लावणे याला अरबीत ताबीर म्हणतात, आणि त्या शब्दाच्या मुळाशी ओलांडून पलीकडे जाणे आहे.

त्यांच्या ‘फुसूस अल-हिकम’ या ग्रंथात एक दृष्टांत येतो. बकी इब्न मखलद या विद्वानाला स्वप्नात पैगंबरांनी दूध पाजले. जागे झाल्यावर खात्री करण्यासाठी त्याने मुद्दाम वांती केली, आणि खरोखर दूध पडले! करामत सिद्ध झाली. पण इब्न अरबी हळहळतात. पैगंबरांना स्वतःला स्वप्नात दूध मिळाले, तेव्हा त्यांनी त्याचा अर्थ ज्ञान असा सांगितला होता. बकीने अर्थ लावला असता तर ते दूध ज्ञान होऊन अंगी मुरले असते. जेवढे प्याला, तेवढ्या ज्ञानाला तो मुकला.

चांगदेव वाघावर बसून, हाती सापाचा चाबूक घेऊन आले आणि माऊली भिंतीवर बसून सामोरी गेली, ही कथा आपल्या रक्तात आहे. तुर्कस्तानात हाजी बेक्ताश या सूफी संताची कथा अशीच आहे. तेथे वाघाऐवजी सिंह आहे. दोन्ही ठिकाणी सिद्धीचा ताठा संतापुढे गळतो. कथेतला अर्थ तो.

म्हणून माऊली, भिंत चालली का, याचा निकाल लावण्यात आयुष्य घालवू नये. ती वांती करून दूध पाहण्याची रीत झाली. कथा ऐकताना आपण कोणत्या वाघावर बसलो आहोत ते पाहावे, आणि खाली उतरावे.

रामकृष्ण हरि.