नायिकेला हवे तरी काय? बुलढाणा १८८२ ते यवतमाळ २०१९

१/१३
मांगा वाचणाऱ्या तरुणांत एक तक्रार वारंवार ऐकू येते. कथेतील मुलगी हुशार असते, शूरही असते. पण तिच्या प्रत्येक कृतीचे कारण शेवटी नायकावरचे प्रेम हेच निघते. तिला स्वतःचे असे काही हवे असते की नाही? हा प्रश्न आजचा वाटतो. मराठीत मात्र तो १८८२ साली वऱ्हाडातील बुलढाण्याच्या एका स्त्रीने उपस्थित केला होता, आणि २०१९ साली यवतमाळच्या व्यासपीठावर तो वेगळ्या रूपात पुन्हा समोर आला. हा धागा त्या प्रवासाचा.

२/१३
आधी जपान. ओसामू तेझुका यांच्या १९५३ पासूनच्या ‘प्रिन्सेस नाइट’मध्ये राजकन्या सफायर राज्य राखण्यासाठी राजपुत्र म्हणून वावरते, कथेचा शेवट मात्र विवाहात होतो. १९७२ साली रियोको इकेदा या लेखिकेने ‘द रोझ ऑफ व्हर्साय’ सुरू केली. तिची ऑस्कर राणीच्या रक्षकदलाची अधिकारी आहे. ती प्रेमातही पडते. पण १७८९ मध्ये राजसत्ता सोडून जनतेच्या बाजूने उभी राहते ती स्वतःच्या विवेकाने. इकेदांनी प्रेमाला कथेबाहेर घालवले नाही. नायिकेच्या सर्व निर्णयांचे ओझे तेवढे त्याच्यावर टाकले नाही.

३/१३
आता मराठी. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, तर नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. या अद्भुतरम्य कादंबऱ्यांचा साचा ठरलेला असे: अनुपम लावण्य, विरह, संकटे, शीलाची परीक्षा आणि अखेरीस मीलन. नायिका संकटे सोसते, धीरही धरते. परंतु तिच्या साऱ्या धैर्याचे गंतव्य एक पुरुष असतो. तो भेटला की तिची कथा संपते.

४/१३
याच वाङ्मयाची एक वाचक बुलढाण्यात होती. ताराबाई शिंदे यांचे वडील बापूजी हरी शिंदे हे तेथील डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी करण्यात आली. त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर चिखलफेक सुरू झाली. ताराबाईंनी तिला उत्तर दिले. ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापला गेला. प्रती ५००, किंमत ९ आणे.

५/१३
हा निबंध सामाजिक अन्यायाविरुद्धचा म्हणून सर्वांना ठाऊक आहे. त्याची दुसरी बाजू कमी सांगितली जाते: त्यात साहित्याची झडतीही आहे. शास्त्रे-पुराणे आणि समकालीन कथा-नाटके यांत पुरुषांनी रंगविलेली स्त्री खऱ्या स्त्रीशी जुळते का, हे ताराबाई तपासतात. म्हणूनच अनेक अभ्यासक मराठीतील स्त्रीवादी समीक्षेचा आरंभ येथे मानतात.

६/१३
सावित्रीच्या कथेवरचा त्यांचा सवाल आजही बोचतो. पतीचे प्राण परत आणण्यासाठी सावित्री यमाच्या मागे गेली. पत्नीसाठी त्या वाटेने एखादा पुरुष गेल्याचे कोणी ऐकले आहे काय? या प्रश्नाने सावित्रीचे मोठेपण उणावत नाही. उघडे पडते ते कथा रचणाऱ्यांचे गणित: स्त्रीच्या जगण्याचे कारण पुरुष असू शकतो, पण पुरुषाच्या जगण्याचे कारण स्त्री असावी अशी अपेक्षा कोणी करत नाही.

७/१३
जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. तरीही ताराबाईंचे दुसरे पुस्तक आलेले आढळत नाही. त्यांचा निबंध जवळजवळ शतकभर विस्मृतीत राहिला आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी तो पुन्हा प्रकाशात आणला. ज्या ग्रंथाने कथेतील स्त्रीचा आवाज शोधला, त्याचाच आवाज इतका काळ कोणाच्या कानी पडला नाही.

८/१३
पुरुष लेखकांना हे जमलेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. हरी नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः आली. तीत यमू आपली कहाणी स्वतः सांगते. शिकण्याची तिची ओढ खरी आहे. परंतु तिला अक्षरओळख, मोकळीक आणि सन्मान मिळतो तो उदारमतवादी पतीमुळे; तो गेला की सारेच हिरावले जाते. यमूला इच्छा होती. ती पुरी करण्याचे साधन तिच्या हाती नव्हते.

९/१३
ते साधन म्हणजे शिक्षण आणि मिळकत. १९३३ साली विभावरी शिरूरकर या टोपणनावाने मालतीबाई बेडेकरांचा ‘कळ्यांचे निःश्वास’ आला आणि वादळ उठले. त्यातील शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या मुलींपुढचा पेच ‘कोणाशी लग्न करू?’ एवढा साधा नाही. घर आपल्या कमाईवर चालते, मग आपल्या आयुष्याचे काय, हा त्यांचा प्रश्न आहे. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘हिंदोळ्यावर’मधील अचला तर विवाहाच्या चौकटीबाहेर मातृत्वाची इच्छा धरते.

१०/१३
याच दशकात वऱ्हाडातूनही एक लेखणी पुढे आली. गीता साने यांचा जन्म १९०७ चा, यवतमाळशेजारच्या वाशीमचा. विज्ञानाचे उच्च शिक्षण घेतलेल्या आणि स्वातंत्र्यलढ्याशी जोडलेल्या या लेखिकेने ‘निखळलेली हिरकणी’पासून विवाहसंस्था, आर्थिक स्वावलंबन आणि राजकारण हे विषय थेट नायिकेच्या जीवनात आणले. मराठी कादंबरीच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला अनेकदा एखादे वाक्यच येते.

११/१३
आता यवतमाळ. शेतकरी आत्महत्यांनी या जिल्ह्याचे नाव देशभर झाले आणि त्याबरोबर एक ठरीव स्त्रीपात्र तयार झाले: दाराशी बसलेली, पतीच्या हार घातलेल्या तसबिरीशेजारची विधवा. बातमीत, चित्रपटात, कवितेत तिचे काम एकच, त्याच्या शोकांतिकेला अश्रू पुरवणे. शासकीय प्रक्रियाही त्याच्याभोवतीच फिरते. १ लाख रुपयांच्या मदतीसाठी त्याचे कर्ज, त्याची जमीन, त्याच्या मरणाचे कारण तपासले जाते आणि प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरते. तिने पुढे काय करायचे ठरवले आहे, यासाठी अर्जात रकाना नाही.

१२/१३
जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होत्या अरुणा ढेरे. उद्घाटक म्हणून बोलावलेल्या नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतल्याने मोठा वाद झाला आणि अनेकांनी बहिष्कार टाकला. त्या पोकळीत उद्घाटनाचा मान जिल्ह्यातीलच वैशाली येडे यांना मिळाला. पतीच्या आत्महत्येनंतर अंगणवाडीत काम करून मुलांना वाढवणाऱ्या येडे बोलल्या त्या जगण्याविषयी आणि लढण्याविषयी. साहित्याचा विषय झालेली स्त्री साहित्याच्या व्यासपीठावरून स्वतःचे कारण सांगत होती. पुढे त्यांनी लोकसभेची निवडणूकही लढवली.

१३/१३
त्या रंगमंचावरही आल्या होत्या. श्याम पेठकर लिखित, हरीश इथापे दिग्दर्शित ‘तेरवं’ या नाटकात आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील स्त्रियाच भूमिका करतात. तेरवं म्हणजे तेराव्या दिवसाचा विधी. पुरुषाची कथा तेथे संपते, तेथूनच बाईची सुरू होते: सातबाऱ्यावर नाव कोणाचे, पेरणी कोण करणार, मुलांची फी कोठून आणायची. ही सारी कारणे आहेत आणि ती तिची स्वतःची आहेत.

म्हणून पुढच्या वेळी मांगा, कादंबरी किंवा बातमी वाचताना नायक पानावरून बाजूला काढून पाहावा. उरलेल्या पानावर त्या स्त्रीला करण्यासारखे काही शिल्लक आहे का? नसेल, तर उणीव तिच्यात शोधू नये. ती लिहिणाऱ्याच्या नजरेत असते. ताराबाईंची सुमारे १४० वर्षांपूर्वीची तक्रार हीच होती. ‘स्त्री-पुरुष तुलना’ छोटेसे पुस्तक आहे. एका बैठकीत वाचून होते. जरूर वाचा.