रत्नागिरीची पंगत

तांदळाची पेज, कुळथाचे पिठले, तोंडी लावायला लोणच्याची फोड. रत्नागिरीचे हे नित्याचे जेवण ब्राह्मणाच्या चुलीवर शिजे, तसेच भंडारी, कुणबी, महार यांच्याही. नारळ कमीअधिक पडे, इतकेच. भेद अन्नात नव्हता. पाणी कोणी भरले आणि ताट कोणी वाढले, यात होता. पुण्यात १८९० साली मिशनमधल्या चहाने टिळक-रानड्यांनाही वादात ओढले. चहाची ही गत, मग भाताची काय सांगावी!

सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते. भागोजीशेठ कीरांनी बांधलेले पतितपावन मंदिर १९३१ साली उघडले. गावात सहभोजने होऊ लागली. १९३३ साली सर्व हिंदूंसाठी उपाहारगृह निघाले. तेथे चहा-फराळ देणारा माणूस महार समाजातील होता. भेटीस येणाऱ्याने आधी तेथला चहा घ्यावा, असा सावरकरांचा आग्रह असे.

श्रोतेहो, या पंगतींच्या नोंदी झाल्या. स्त्रियांचीही सहभोजने झाली, हे खरे. पण पंगतीहून परतलेल्या पुरुषाला माजघरात काय ऐकावे लागले, हे कोणी टिपले? चूल बाईच्या हाती आणि सोवळ्याचा भारही तिच्याच माथी. बाहेर जेवून येणे हे एका संध्याकाळचे काम. हाच पाहुणा उद्या अवचित दारी आला, तर त्याला घरच्या पाटावर बसवून कालचेच पिठले वाढणे तिच्यावाचून होणारे नव्हते. आम्हांला तर खरी पंगत तीच वाटते. तिच्या तारखा मात्र कोठेच सापडत नाहीत.