गिनी की पौंड?

कलावंताच्या मोबदल्यावरून होणारी घासाघीस रकमेसाठी असते, असे आपण सहसा गृहीत धरतो. लंडनमधील ‘पीकॉक रूम’चा इतिहास वाचताना आम्हांला मात्र असे दिसले की, तेथील वाद रकमेपेक्षा ती कोणत्या नावाने मोजावी याचा अधिक होता.

लिव्हरपूलचे जहाजमालक फ्रेडरिक लेलँड यांच्या लंडनमधील घरी निळी-पांढरी चिनी भांडी मांडण्यासाठी एक भोजनगृह सजवले जात होते. रचना टॉमस जेकिल यांची. तेथे जेम्स व्हिस्लर यांचे एक चित्र लागणार होते, म्हणून १८७६ साली रंगसंगतीबाबत व्हिस्लर यांचा सल्ला घेतला गेला. लेलँड लिव्हरपूलला गेले आणि इकडे व्हिस्लर यांचा कुंचला थांबेना. भिंतींवरचे किमती कातडे निळ्या रंगाखाली गेले, खिडक्यांच्या झडपांवर सोनेरी मोर उमटले. मालकाच्या गैरहजेरीत पाहुण्यांना आणि वृत्तपत्रांना दालन दाखवूनही झाले. मग व्हिस्लर यांनी २,००० गिनी मागितल्या.

लेलँड निम्म्यावर आले. न सांगितलेल्या कामाचे पैसे का द्यावेत, हा त्यांचा सवाल आम्हांला अगदीच गैरवाजवी वाटत नाही. बोच निराळीच होती. ही निम्मी रक्कम त्यांनी गिनींत न देता पौंडांत दिली. गिनी म्हणजे २१ शिलिंग, पौंड म्हणजे २०. गिनीचे नाणे पाडणे केव्हाच बंद झाले होते. उरला होता तो हिशेबातला मान. डॉक्टर, बॅरिस्टर, चित्रकार यांचे शुल्क गिनींत सांगायचे, कारागिराचे नि दुकानदाराचे बिल पौंडांत. हजारामागे कपात झाली अवघ्या ५० पौंडांची. पण तिने व्हिस्लर यांना कारागिरांच्या रांगेत बसवले. (आपल्याकडे ‘मानधन’ आणि ‘मजुरी’ या शब्दांत जे अंतर आहे, ते तेथे एका शिलिंगात मावले होते.)

व्हिस्लर यांनी उत्तर भिंतीवरच लिहिले. दोन मोर झुंजताहेत: एकाच्या अंगावर नाणी आणि पायाशी विखुरलेली शिलिंगे, दुसऱ्याच्या डोक्यावर रुपेरी तुरा, थेट व्हिस्लर यांच्या केसांतल्या पांढऱ्या बटेसारखा. या चित्राला नाव दिले ‘कला आणि पैसा’. लेलँड यांनी ते पुसून टाकले नाही. १८९२ साली मृत्यू येईपर्यंत ते त्या घराचे धनी होते आणि दालन तसेच राहिले.

१८७८ मध्ये व्हिस्लर यांनी रस्किन यांच्यावर लावलेला अब्रुनुकसानीचा दावा सुनावणीला आला. एका चित्रासाठी २०० गिनी मागितल्याबद्दल रस्किन यांनी त्यांची जाहीर निर्भर्त्सना केली होती. दोन दिवसांच्या श्रमाचे एवढे पैसे का, या प्रश्नावर व्हिस्लर यांनी आपण आयुष्यभराच्या ज्ञानाचे मोल मागतो असे न्यायालयात सांगितले. ते दावा जिंकले. भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. १८७९ साली त्यांचे दिवाळे निघाले, तेव्हा धनकोंमध्ये लेलँडही होते.

१९०४ साली चार्ल्स फ्रीअर यांनी ते दालन सबंध विकत घेऊन अमेरिकेत नेले. १९२३ पासून ते वॉशिंग्टनच्या फ्रीअर कलादालनात आहे, मोराच्या पायाशी सांडलेल्या शिलिंगांसकट.