चित्रसंग्रहालयाचें मांजर

चित्रसंग्रहालय म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें संगमरवरी पायऱ्या, उंच छत आणि हलक्या आवाजांत बोलणारीं माणसें उभीं राहतात. तेथें एखादें मांजर खिडकींत ऊन खात पडलेलें असेल, अशी कल्पना सहसा कोणी करीत नाहीं. परंतु आमच्या वऱ्हाडांतील मालेगांवीं (नाशिककडील नव्हे, वाशीम जिल्ह्यांतील) उद्यां एखाद्या हौशी गृहस्थानें आपल्या माडीवर चार चांगलीं चित्रें टांगून लोकांसाठीं दार उघडें ठेविलें, तर त्याला पडणारा पहिला प्रश्न कलेचा नसून उंदरांचा असेल. हा प्रश्न दिसतो तितका क्षुद्र नाहीं. मोठमोठ्या बादशाही संग्रहांनाहि तो सोडवावा लागला आहे.

चित्राचे शत्रु कोण, याचा विचार टीकाकार निराळ्या रीतीनें करतात. चित्र सांभाळणारा मात्र ओल, कसर, वाळवी आणि उंदीर यांचीच गणना करतो. कागदावरील चित्र पुष्कळदां खळीनें पुठ्ठ्याला चिकटविलेलें असतें, कॅनव्हासाला सरसाचा हात दिलेला असतो. आणि हीं द्रव्यें कसरीला व झुरळाला अन्नच होत. उंदराला तर खाणेंहि नको असतें. पिलांसाठीं घरटें करावयास मऊ कागद मिळाला कीं पुरे. बरें, विष घालावें, तर उंदीर मरतो तो नेमका कपाटामागें, जेथें हात पोंचत नाहीं. त्या मेलेल्या उंदरावर एका जातीचे बारीक किडे येतात, आणि तेथील भक्ष्य संपलें म्हणजे त्यांच्या अळ्या शेजारच्या लोकरी शालीकडे व कातडी बांधणीकडे वळतात. एक चोर मारून दहा घरांत घेतल्यासारखेंच हें! यावर मांजर हा फार जुना इलाज होय.

रशियाच्या सम्राज्ञी एलिझाबेथनें १७४५ सालीं कझानला हुकूम धाडला कीं, तेथील उत्तम जातीचीं, अंगानें मोठीं व उंदीर धरण्यांत तरबेज अशीं मांजरें शोधून दरबारीं पाठवावीं, आणि त्यांना खाऊं घालून सांभाळणारा माणूसहि बरोबर द्यावा. हुकुमाचा हा उत्तरार्ध आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. पुढें कॅथराईननें १७६४ पासून ज्या चित्रसंग्रहाला आरंभ केला, तोच आजचा सुप्रसिद्ध हर्मिटाज. १९१७ सालीं राजसत्ता गेली, तरी मांजरें राहिलीं. १९४१ ते १९४४ च्या वेढ्यांत जेथें माणसांनाच अन्न मिळेना, तेथें तीं नाहींशीं झालीं. पण युद्धानंतर वाड्यांत पुन्हां नवीं आलीं. आजहि त्यांचा मुक्काम तळघरांत व अंगणांत असतो. चित्रांच्या दालनांत त्यांना मज्जाव आहे, आणि तें रास्तच. नखांना जुना कॅनव्हास आणि जुनें गोणपाट यांतला भेद कळत नाहीं.

लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें तर माईक नांवाच्या बोक्यानें १९०९ पासून १९२९ पर्यंत मुख्य दरवाज्यावर जवळजवळ नोकरीच केली. मिसरी विद्येचे पंडित वॉलिस बज यांनीं त्याच्या मृत्यूनंतर त्याच्यावर एक लहानसें पुस्तक लिहिलें. ज्यांनीं फेरोंचे मृत्युलेख वाचण्यांत आयुष्य घालविलें, त्यांनीं बोक्याचा मृत्युलेख लिहावा यांत आम्हांस विनोदापेक्षां सुसंगतीच अधिक दिसते.

परंतु लंडन-पीटर्सबर्गला पगारी माणसांची फौज असते. लहान गांवीं रखवालदार, झाडणारा आणि चित्राची माहिती सांगणारा हा बहुधा एकच इसम. तो आजारी पडला कीं संग्रहालय आजारी पडलें. म्हणून लहान गांवचा विचार करतांना सातारा जिल्ह्यांतील औंध पाहावें. तेथील अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि (१८६८–१९५१) स्वतः चित्रकार. अजिंठ्यावर त्यांनीं १९३२ सालीं पुस्तक प्रसिद्ध केलें, तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृति करवून घेतल्या, रविवर्म्याचीं चित्रें जमविलीं. हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचें माता व मूल हें शिल्पहि त्या आडगांवीं येऊन पोंचलें. हें सर्व त्यांनीं वाड्यांत कोंडून न ठेवतां १९३८ सालीं यमाईच्या डोंगरावर स्वतंत्र इमारत उभारून तींत मांडलें. पुढच्याच वर्षीं त्यांनीं राज्यकारभारहि प्रजेच्या हातीं दिला. आमच्या मतें हीं दोन्ही कृत्यें एकाच वृत्तीचीं आहेत. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें. अशा वेळीं अनेक वाड्यांतील वस्तु विखुरल्या; औंधचा संग्रह मात्र डोंगरावर राहिला आणि पुढें सरकारच्या देखरेखीखालीं गेला. पुण्या-मुंबईस हा संग्रह नेला असता तर पाहणारे अधिक मिळाले असते, हें खरें. पण मग खटाव तालुक्यांतल्या शेतकऱ्याच्या पोरानें रविवर्मा कोठें पाहिला असता?

मालेगांवीं पंतप्रतिनिधि नाहींत. तेथें काम सुरू व्हावयाचें तें एखाद्या शिक्षकाच्या, डॉक्टराच्या किंवा दुकानदाराच्या राहत्या घरांतच, आणि राहतें घर म्हटलें कीं त्यांत मांजर, ओसरीवरचा कुत्रा, पिंजऱ्यांतला राघू हे आलेच. हें कमीपणाचें मानूं नये. रात्रीं दीडच्या सुमारास माडीवर खुडबुड झाली तर ती ऐकणारें कोणी घरांत असणें, ही लहान संग्रहालयाला सरकारी कुलुपापेक्षां मोठी शाश्वति आहे. मांजरास खालच्या मजल्यावर राखावें, चित्रें भिंतीला घट्ट न टेकवितां मागें वारा खेळूं द्यावा, पावसाळ्यांत आठवड्यांतून एकदां प्रत्येक चौकट उतरवून पाठ पाहावी. एवढें घरच्या माणसांनीं सांभाळलें तर पुष्कळ झालें.

खर्चाचा प्रश्न राहतो. हर्मिटाजमधील मांजरांच्या पोटाला लोक आनंदानें देणग्या देतात. चित्रांसाठीं वर्गणी मागावयास गेलें तर आमच्या तालुक्यांत दारें लागतील, हें आम्ही जाणतों. पण मांजराच्या दुधासाठीं मुलें आपल्या खाऊचे पैसे आणून देतील, असा आमचा तर्क आहे. तीं मांजर पाहावयास येतील, आणि तें सांपडेना म्हणून शोधीत शोधीत माडीवर चढतील.