विस्तारसंच, विदागारातील
विदागार प्रणालीच्या मूळ संहितेत फेरफार न करता तीत नवे विदाप्रकार व फलने यांची भर घालणारा संच. ही कल्पना बर्कली येथे मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये आरंभिलेल्या पोस्टग्रेस प्रकल्पात रुजली. बांधणीचे संकेत मात्र पंचवीस वर्षांनी ठरले. तोवर संचातील फलने विदागारात सुटी पडत, प्रतिलिपीत वापरकर्त्याच्या विदेत मिसळत आणि नव्या आवृत्तीतही जुन्याच व्याख्या परत येत. पोस्टग्रेस्क्यूएल ९·१ मध्ये (२०११) दिमित्री फोंतेन यांच्या कार्यामुळे ही अडचण बरीचशी दूर झाली. एका आवृत्तीतून दुसरीत नेणाऱ्या आज्ञासंचिकांच्या नावांतच दोन्ही क्रमांक असतात. त्यांवरून प्रणाली कमीत कमी टप्प्यांचा मार्ग शोधते. प्रतिलिपीत मुख्यतः संचाचे नावच उरते. जुनी सुटी फलने संचात सामावून घेण्याची सोय २०२० मध्ये सुरक्षेच्या दृष्टीने काढून टाकण्यात आली.